फळाआधी फूल पाहावं

इंग्लंडमध्ये घरामागच्या बागेसाठी प्लमचं झाड घ्यायला निघालेला माणूस रोपवाटिकेत सर्वांत आधी पाहतो ते खोडाला बांधलेल्या चिठ्ठीवरचं फळाचं चित्र. जांभळं की पिवळं, लांबट की गोल, नुसतं खायचं की मुरंब्याचं, एवढ्यावर निवड होते आणि झाड घरी येतं. पुढे चार-पाच वर्षं ते फोफावतं, पानांनी भरून जातं, वसंतात पांढरंशुभ्र फुलतंही. फळं मात्र एखाद्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच लागतात. मग दोष मातीला दिला जातो, खताला दिला जातो, नाहीतर त्या वर्षीच्या पावसाला. पण बहुतेक वेळा चूक त्या चिठ्ठीपाशीच झालेली असते. प्लमचं झाड फळावरून निवडू नये, फुलावरून निवडावं, हे या लेखाचं म्हणणं आहे. फळ ऑगस्टमध्ये हाती येतं, पण ते येणार की नाही, हे एप्रिलच्या आठ-दहा दिवसांत ठरून गेलेलं असतं. त्या दिवसांत फूल केव्हा उमलतं, त्याला कोणाचा पराग मिळतो आणि त्या रात्री बागेत किती थंडी साचते, या तीन गोष्टी ज्याने पाहिल्या त्याला चवीची निवड करायला नंतर भरपूर वाव उरतो. ज्याने आधी चव पाहिली, त्याला मात्र या तिन्ही गोष्टी नशिबावर सोडाव्या लागतात.

आधी नावांचा घोळ थोडा निस्तरायला हवा. आपल्याकडे बिर्याणीत किंवा चटणीत पडणारा सुका आलुबुखार आणि जून-जुलैत हिमाचलातून येणारं ताजं लालबुंद प्लम ही एकाच घराण्यातली फळं आहेत. मात्र हिमाचलात लोकप्रिय असलेली सांता रोजासारखी वाणं जपानी म्हणवल्या जाणाऱ्या जातीची आहेत आणि इंग्लंडच्या बागांतली झाडं मुख्यतः युरोपीय जातीची. दिसायला ही भावंडं असली तरी युरोपीय प्लमच्या पेशीत गुणसूत्रं 48 असतात आणि जपानी प्लमच्या पेशीत 16; त्यामुळे एकाचा पराग दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी आशा धरता येत नाही. इंग्रजीत जांभळाला जावा प्लम आणि बोराला इंडियन प्लम म्हणतात, पण त्यांचा या कुळाशी संबंध नाही. गेज ही मात्र युरोपीय प्लमचीच एक शाखा आहे. फळ लहान, गोलसर, बहुधा हिरवट किंवा पिवळसर, आणि पिकल्यावर मधासारखं गोड. फ्रान्समध्ये याला राजा पहिला फ्रान्स्वा याची राणी क्लोद हिच्या नावावरून रेन क्लोद म्हणतात. ती 1524 मध्ये वारली. फळ अजून तिचं नाव घेऊन फिरतं आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सफोक परगण्यातल्या हेन्ग्रेव्ह हॉलच्या गेज घराण्यामुळे ते इंग्लंडमध्ये रुजलं आणि त्या घराण्याचंच आडनाव त्याला चिकटलं. झाडावर पूर्ण पिकलेलं गेज इतकं मऊ आणि रसाळ असतं, की पेटीत घालून लांब पाठवणं जवळपास अशक्य. दुकानात ते ऑगस्टच्या आसपास थोडे आठवडे दिसतं आणि तेव्हाही बहुधा कच्चं तोडलेलं असतं. म्हणून ज्याच्या अंगणात झाड आहे, त्यालाच त्याची खरी चव कळते. घरच्या बागेत प्लम लावण्याचं सर्वांत मोठं कारण तेच आहे, आणि म्हणूनच झाड वांझ राहण्याचं दुःखही मोठं असतं.

आता फुलाकडे येऊ. इंग्लंडमध्ये प्लम मार्चच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत फुलतं, म्हणजे सफरचंदाच्याही आधी. नेमक्या त्याच काळात निरभ्र रात्री तापमान शून्याखाली उतरतं. पूर्ण उमललेल्या फुलांना साधारण उणे 2 अंश सेल्सिअसला झळ बसू लागते आणि दहातलं एखादं फूल मरतं. उणे 5 अंशांपर्यंत पारा गेला की दहातली नऊ गेलेली असतात. वरून पाकळ्या तशाच पांढऱ्या दिसतात, पण आतला स्त्रीकेसर काळा पडलेला असतो. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराकडे वाहते. वाटेत भिंत किंवा दाट कुंपण आलं की त्याच्यामागे तुंबते. त्यामुळे एकाच गल्लीत वरच्या अंगाच्या बागेत फळं लगडतात आणि खालच्या अंगाच्या बागेत फूल टिकत नाही, असं सहज घडू शकतं. या बाबतीत वाणावाणांत मोठा फरक आहे. जेफरसन लवकर फुलतं. व्हिक्टोरिया, झार आणि ओपल मधल्या काळात. ऊलिन्स गेज, केंब्रिज गेज आणि मार्जरीज सीडलिंग उशिरा. हा फरक थोड्या दिवसांचाच असतो, पण थंडीची एखादी वाईट रात्र चुकवायला तेवढे दिवस पुष्कळ झाले. खोलगट, थंड हवा साचणाऱ्या जागी लवकर फुलणारं वाण लावणं म्हणजे दरवर्षी पीक पणाला लावणं होय.

यावर कोणी म्हणेल, हवामान तापतं आहे, हिवाळे सौम्य होत आहेत, मग या थंडीची एवढी धास्ती कशाला? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर नेमकं उलटं निघतं. उबदार हिवाळ्यानंतर झाड लवकर जागं होतं आणि फुलं थंडीच्या तावडीत अधिक सापडतात. एप्रिल 2021 मध्ये फ्रान्समध्ये हेच घडलं. मार्चअखेरच्या उन्हाने कळ्या फुगल्या, आणि पुढच्याच आठवड्यात आलेल्या कडाक्याच्या रात्रींनी द्राक्षमळे आणि फळबागा मोठ्या प्रमाणावर होरपळल्या. झाडाला थंडी नको असते असंही नाही. युरोपीय प्लमच्या कळ्यांना नीट उमलण्यासाठी हिवाळ्यात 7 अंशांखालचे साधारण सातशे ते हजार तास मिळावे लागतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात आपण वाचतो. पण त्या मोजक्या पहाटांनी हा हिशेब पुरा होत नाही. महाराष्ट्राच्या पठारावर ही झाडं का धरत नाहीत, याचं कारण इथे आहे. प्लमला लांब हिवाळा हवा असतो आणि त्यानंतर माघारी न फिरणारा वसंत. इंग्लंड पहिली गोष्ट भरभरून देतं, दुसरीची हमी देत नाही.

दुसरा प्रश्न परागाचा, आणि माझ्या मते सर्वाधिक झाडं याच ठिकाणी फसतात. प्लमच्या कित्येक वाणांना स्वतःचा पराग चालत नाही. परागकण फुलाच्या माथ्यावर पडतो, रुजतो, त्याची नलिका आत उतरू लागते. पण कुक्षिवृंतातली प्रथिनं आपला-परका ओळखतात आणि आपल्याच वाणाची नलिका मध्येच थांबवतात. लंडनजवळ मर्टन इथल्या जॉन इन्स संस्थेत मॉर्ली क्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत प्लम आणि चेरीची फुलं हाताने परागित करून, फांदीफांदीवर धरलेली फळं मोजून हे चोखपणे दाखवून दिलं. स्वतःच्या परागावर भरपूर धरणारी, जेमतेम धरणारी आणि मुळीच न धरणारी असे वाणांचे तीन गट पडतात. जुनं ग्रीन गेज शेवटच्या गटातलं. केंब्रिज गेज मधलं. व्हिक्टोरिया, झार, ओपल, ऊलिन्स गेज आणि मार्जरीज सीडलिंग पहिल्या गटातली. आणखी एक खोच अशी, की दोन वेगळी वाणं शेजारी लावली म्हणजे काम झालं असंही नसतं. कोज गोल्डन ड्रॉप हे सफोकमधल्या जर्व्हेस को यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार केलेलं अप्रतिम पिवळं प्लम आणि अमेरिकेतून आलेलं जेफरसन ही दोन्ही स्वतःच्या परागावर धरत नाहीत, आणि एकमेकांच्याही नाही. ज्याने चवीचे दोन उत्तम मानकरी म्हणून नेमकी हीच जोडी लावली, त्याच्या बागेत दोन वांझ झाडं उभी राहतील. फळांची चित्रं कितीही निरखली तरी यातलं काहीच दिसत नाही.

ही अडचण इंग्लंडपुरती आहे असं समजू नये. पंजाबच्या मैदानात कमी थंडीवर येणारं सतलज पर्पल हे प्लम लावलं जातं. तेही एकटं धरत नाही. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाची शिफारस त्याच्या सोबतीला काला अमृतसरी लावण्याची आहे. तिथला शेतकरी झाडं घेतानाच जोडीचा विचार करतो. घरच्या बागेत एकच झाड लावणाऱ्याला तर तो अधिकच करायला हवा.

इथे सर्वांत जोरकस आक्षेप येतो. मग व्हिक्टोरिया लावा आणि मोकळे व्हा, असं बहुतेक जाणकारही सांगतात. 1840 च्या दशकात बाजारात आलेलं हे वाण स्वतःच्या परागावर धरतं, कच्चं असताना शिजवायला आणि पिकल्यावर खायला चालतं, आणि ब्रिटनमध्ये त्याच्याइतकं लोकांना ठाऊक असलेलं दुसरं प्लम नाही. हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. व्हिक्टोरियाची अडचण फळ न लागण्याची नसून अति लागण्याची आहे. चांगल्या वर्षी खूप फुलं धरतात, फळं घोसाने लटकतात आणि मुळातच ठिसूळ असलेली फांदी ऑगस्टमध्ये वजनाने मोडते. त्या फाटक्या जखमेतून रुपेरी पान नावाचा बुरशीजन्य रोग आत शिरतो. पानांवर शिशासारखी झाक येते आणि फांदीमागून फांदी वाळत जाते. व्हिक्टोरिया या रोगाला विशेष बळी पडतं. या बुरशीचे बीजाणू ओलसर, थंड महिन्यांत उडतात, म्हणून प्लमची छाटणी हिवाळ्यात करायची नाही, जून ते ऑगस्टदरम्यान कोरड्या दिवशी करायची, हा नियम झाला. शिवाय एका वर्षी थकलेलं झाड पुढच्या वर्षी हात आखडतं. यावर उपाय आहे तो विरळणीचा. जूनमध्ये काही फळं आपोआप गळतात. त्यानंतर उरलेली हाताने विरळ करून दोन फळांत पाच ते आठ सेंटिमीटरचं अंतर ठेवायचं आणि जड फांद्यांना टेकू द्यायचा. एवढं करणाऱ्याने व्हिक्टोरिया अवश्य लावावं. पण जून महिन्यात शिडीवर चढून शेकडो कच्ची फळं तोडून टाकण्याची ज्याची तयारी नाही, त्याच्यासाठी ते बिनकष्टाचं झाड नव्हे.

दुसरा आक्षेप शेजाऱ्यांच्या भरवशाचा. शहरात प्रत्येक गल्लीत कुणाकडे तरी प्लम असतंच, मधमाश्या कुंपण मानत नाहीत, मग जोडीची चिंता कशाला? यात तथ्य आहे, आणि लंडनच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, जिथे घरामागे अरुंद लांबट बाग असते, बरेचदा हा आधार मिळतोही. पण त्याला अटी आहेत. शेजारचं झाड त्याच दिवसांत फुलणारं हवं. शोभेचं लवकर फुलणारं चेरी-प्लम उशिराच्या गेजला काय देणार? सफरचंद, पेअर आणि चेरी यांचा तर या कामी उपयोगच नाही. डॅमसन हे तुरट प्लम मात्र चालतं, कारण त्याचीही गुणसूत्रं 48 आहेत. मधमाशीचंही एक बंधन आहे. पारा दहा-बारा अंशांखाली असला किंवा गार वारा सुटला असला की ती पोळ्यातून बाहेर पडत नाही. तशा दिवसांत भुंग्यांच्या राण्या आणि एकेकट्या राहणाऱ्या रानमाश्याच थोडंफार काम करतात. स्वतःच्या परागावर धरणाऱ्या झाडालाही पराग हलवायला कोणीतरी लागतंच. म्हणून वाऱ्याच्या आड असलेली उन्हाची जागा झाडाइतकीच फुलावर बसणाऱ्या माशीसाठीही निवडायची असते. शेजाऱ्याच्या झाडावर विसंबायचं असेल तर ते कोणतं आहे आणि केव्हा फुलतं, हे आधी पाहून घ्यावं. विचारायला पैसे पडत नाहीत.

खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांवर कलम बांधतात त्यांचा, मुद्दा वेगळा वाटेल, पण तोही शेवटी फुलापाशीच येऊन पोचतो. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला खुंट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. डॉगरिजवर कलम का करायचं, हे त्याला पाठ असतं. प्लममध्ये खुंट मुख्यतः झाडाची उंची ठरवतो. इंग्लंडमध्ये सर्रास मिळणाऱ्या सेंट ज्युलियन ए या खुंटावर झाड चार-पाच मीटरपर्यंत जातं. केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने पुढे आणलेल्या पिक्सी खुंटावर तीन-साडेतीन मीटरवर थांबतं. बुटकं झाड म्हणजे कमी फळ, असा हिशेब करून बरेच लोक मोठा खुंट घेतात. पण तीन मीटरच्या झाडावर थंडीच्या रात्री संरक्षक कापड टाकता येतं, विरळणी जमिनीवर उभं राहून होते आणि हिवाळ्यात कळ्या टिपून खाणाऱ्या बुलफिंच पक्ष्यांपासून जाळी घालून बचाव करता येतो. पाच मीटरच्या झाडाखाली उभं राहून फुलं काळी पडताना नुसतं पाहावं लागतं. पिक्सीची बाजू पूर्ण चोख आहे असंही नाही. त्याची मुळं तितकी जोमदार नसतात, हलक्या किंवा कोरड्या जमिनीत फळ बारीक राहतं, आणि बुंध्याभोवतीचं गवत पाणी ओढून घेतं. रेताड जमीन असेल तर सेंट ज्युलियन ए हाच घ्यावा आणि उन्हाळ्यातल्या छाटणीने झाड आटोक्यात ठेवावं. चिकण, ओल धरणाऱ्या पण पाणी न तुंबणाऱ्या मातीत पिक्सी उत्तम.

आता चवीचा कैवार घेणाऱ्यांचा आक्षेप. फळ धरतं म्हणूनच झाड लावायचं असेल तर मग बाजारातलंच का खाऊ नये? वूस्टरशरमधल्या पर्शोर आणि एव्हशमच्या खोऱ्यात एके काळी बागायतदारांनी पर्शोर यलो एग या पिवळ्या प्लमची झाडं मोठ्या प्रमाणावर लावली, कारण ते स्वतःच्या परागावर भरवशाने धरायचं आणि जॅमच्या कारखान्यांत खपायचं. ताजं खायला ते सामान्यच. पोटासाठी बाग करणाऱ्याची ती निवड बरोबर होती, पण घरच्या बागेला तोच निकष लावला तर गेज कुणी लावणारच नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच फुलाचा विचार आधी करायचा. गेज इंग्लंडमध्ये फसतं ते बहुतेक दोनच कारणांनी: परागाचा जोडीदार नसणं आणि फळ पिकायला ऊब न मिळणं. दोन्हींवर उपाय आहेत. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीवर झाडाच्या फांद्या पंख्यासारख्या बांधून वाढवल्या, तर दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. तीच ऊब झाडाला थोडं लवकर जागंही करते हे खरं, पण गेज मुळात उशिरा फुलणारं असल्यामुळे ते परवडतं. तीच ऊब ऑगस्टमध्ये फळात साखर भरते. जवळपास ऊलिन्स गेज असलं की परागाची सोय होते, कारण ते त्याच सुमाराला फुलतं आणि स्वतःही धरतं. पिकण्याच्या वेळी जोराचा पाऊस आला तर गेजची साल तडकते, त्यावर मात्र इलाज नाही. त्या वर्षी मुरंबा करावा.

तेव्हा निवड कशी करावी? माझा कौल असा. दक्षिणेची भिंत आणि दोन झाडांची जागा असेल, तर जुनं ग्रीन गेज भिंतीवर आणि ऊलिन्स गेज मोकळ्या जागी लावावं. इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागात याहून चांगली जोडी मला सुचत नाही. भिंत आहे पण झाड एकच लावायचं असेल तर केंब्रिज गेज घ्यावं. एकटं ते थोडं धरतं आणि शेजारी प्लम असेल तर पुष्कळ. बाग उघड्यावर, सर्वसाधारण उबेची असेल तर ओपल. स्वीडनमध्ये आल्नार्प इथे ऊलिन्स गेजच्याच संकरातून ते तयार झालं, जुलैअखेरीस पिकायला लागतं आणि त्याला गेजची चव थोडी का होईना उतरली आहे. व्हिक्टोरियाला हा पर्याय फार कमी लोक विचारात घेतात, याचं मला वाईट वाटतं. अर्धवट सावली असेल, उत्तरेची भिंतच उरली असेल, तर झार. हर्टफर्डशरमधल्या टॉमस रिव्हर्स यांच्या रोपवाटिकेतलं हे वाण 1874 मध्ये रशियाच्या झारने ब्रिटनला दिलेल्या भेटीवरून त्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. ते शिजवण्याचं फळ आहे, पण अशा जागी दुसरं फारसं काही जगत नाही. थंडी साचणाऱ्या खोलगट जागी उशिरा फुलणारं मार्जरीज सीडलिंग लावावं, त्याचं फळ सप्टेंबरच्या शेवटापर्यंत झाडावर राहतं. आणि उत्तर इंग्लंडच्या किंवा स्कॉटलंडच्या गार, ओल्या हवेत गेजचा हट्ट सोडून डॅमसन लावावं. कच्चं ते तुरट लागतं, पण गूळ-मिरची घालून त्याची चटणी आपल्या जिभेला परकी वाटणार नाही. केंटमध्ये ब्रॉगडेल इथल्या राष्ट्रीय फळसंग्रहात प्लमची तीनशेहून अधिक वाणं जपलेली आहेत, तेव्हा ही नावं म्हणजे सगळं जग नव्हे. यादीत नसलेलं एखादं वाण आवडलं तर जरूर घ्यावं, फक्त त्याच्या फुलण्याचा गट आणि परागाची गरज आधी विचारावी.

मुळं उघडी ठेवून विकली जाणारी कलमं नोव्हेंबर ते मार्चदरम्यान मिळतात, स्वस्त असतात आणि कुंडीतल्या झाडांपेक्षा त्यांत वाणांची निवडही मोठी असते. त्यामुळे घाईचं कारण नाही. झाड घेण्याआधी एक एप्रिल जाऊ द्या. जिथे ते लावायचं आहे तिथे छातीच्या उंचीवर एक साधा तापमापक टांगून पहाटेचा पारा रोज लिहून ठेवा, आणि आजूबाजूच्या बागांतली प्लमची झाडं कोणत्या तारखेला फुलली याची नोंद करा. नोव्हेंबरात रोपवाटिकेत जाल, तेव्हा तो कागद खिशात असू द्या.